हमिंगबर्डसाठी लुपिन लावलं, त्याचा सव्वा वर्षाचा अनुभव (सिॲटल)

सिॲटलच्या आसपास घर आहे, अंगणात हमिंगबर्ड (फुलातला मकरंद पिणारे इवलेसे पक्षी) यावेत म्हणून लुपिन हे तुऱ्यांनी फुलणारं झाड लावायचा विचार आहे, असं असेल तर आधीच सांगतो: लुपिन जरूर लावा, पण हमिंगबर्डच्या आशेवर लावू नका. बियांच्या पाकिटावर लुपिनच्या तुऱ्यात चोच घातलेला हिरवागार पक्षी छापलेला असतो. चित्र छान आहे. पण लुपिनच्या फुलात मकरंद जवळजवळ नसतोच, असतो तो पराग, आणि पराग हे हमिंगबर्डचं खाणं नव्हे.

मी गेल्या वर्षी मार्चमध्ये बी पेरलं. बी मुगापेक्षा जरासं लहान, कवच मात्र भलतंच टणक. नखं घासायच्या कानशीने एका बाजूला ओरखडा काढायचा आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचं. सकाळी फुगलेलं असेल तेच पेरायचं, बाकीचं पुन्हा घासून भिजवायचं. पेरायचं थेट वाफ्यातच, कारण सोटमूळ खोल जातं आणि मोठं झालेलं रोप उपटून दुसरीकडे लावलं की रुसून बसतं. पाणी तुंबणारी चिकणमाती त्याला चालत नाही. युरिया वगैरे तर अजिबात घालू नका. झाड शेंगवर्गातलं आहे, भुईमुगासारख्या मुळांवर गाठी असतात, हवेतला नत्र ते स्वतःच मिळवतं.

पहिल्या वर्षी नुसती पानंच येतात. पण ती पानंही बघत बसावीत अशी! दहा-बारा छोट्या पानांचा गोल पंजा, आणि पाऊस थांबला की प्रत्येक पानाच्या बरोबर मधोमध पाण्याचा एकच टपोरा थेंब. कोवळ्या रोपांना इथल्या बिनशंखाच्या गोगलगायी रात्रीतून फस्त करतात, तेव्हा पहिले काही आठवडे बॅटरी आणि चिमटा घेऊन फेरी मारायची तयारी ठेवा.

यंदा मेमध्ये फुलं आली. कमरेपर्यंतचे जांभळे, गुलाबी तुरे, खालून वर उमलत जाणारे. दिवसभर भुंगे. भुंगा बाजूच्या पाकळ्यांवर बसला की त्याच्या वजनाने खालची होडीसारखी पाकळी दबते आणि तिच्या टोकातून केशरी पराग टूथपेस्टसारखा बाहेर येऊन त्याच्या पोटाला लागतो. हे दोन वितीवरून पाहिलं आणि पाकिटवाल्यांवरचा राग निम्मा उतरला.

हमिंगबर्ड तुऱ्यांपाशी येतात, नाही असं नाही. एकदोन फुलांत चोच घालून बघतात आणि पुढे जातात. ते खरे येतात रेड फ्लॉवरिंग करंट या इथल्याच झुडपावर. रूफस जातीचे हमिंगबर्ड मेक्सिकोतला हिवाळा उरकून वसंतात उत्तरेकडे निघतात, काही थेट अलास्कापर्यंत जातात. ते इथे पोचतात त्याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, या झुडपाला गुलाबी-लाल घोस लटकलेले असतात. वजन जेमतेम तीन-चार ग्रॅम, पण भांडखोर इतके की ॲनाज या दुसऱ्या जातीच्या हमिंगबर्डना झुडपाजवळ फिरकू देत नाहीत. ॲनाज जातीचे मात्र बर्फातही इथेच राहतात. त्यांच्यासाठी टांगत्या फीडरमध्ये एक भाग साधी साखर, चार भाग पाणी. रंग नको, मध तर नकोच. उन्हाळ्यात हे साखरपाणी दर दोन दिवसांनी बदलायचं.

मावा हा लुपिनचा खरा शत्रू. राखाडी, चांगला ठसठशीत, देठ झाकून टाकतो. मी पाण्याची जोरदार धार मारतो, औषध फवारत नाही. हमिंगबर्ड बारीक किडेही खातात आणि पिल्लांनाही भरवतात, त्यामुळे फवारणीचा मार्ग मुळात बंदच. जूनअखेर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) पडते. तेव्हा झाड बुडापासून छाटलं तरी पुन्हा फुटतं.

आई पुण्याहून आली होती. केसाळ शेंगा बघून म्हणाली, "पावट्यासारख्या दिसतायत रे, उसळ होईल का?" नाही! बागेतल्या लुपिनच्या बिया विषारी असतात. घरात लहान मूल किंवा कुत्रा असेल तर फुलं सुकली की लगेच तुरे कापा. त्याने दुसरा, थोडा छोटा बहरही मिळतो. बी धरायचंच असेल तर एखादाच तुरा ठेवा आणि शेंगा काळ्या पडू लागल्या की कागदी पिशवीत काढून घ्या, कारण जुलैच्या उन्हात त्या पिळवटून तडकतात आणि बी पार शेजाऱ्याच्या हिरवळीत जाऊन पडतं.

भुंग्यांसाठी आणि बागेच्या शोभेसाठी पाचपैकी साडेचार, हमिंगबर्डसाठी एक. करंट लावायला जागा नसेल तर कुंडीत फ्युशिया लावा, त्यावर ते नक्की येतात.