लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं: यादी फुकट, साफसफाई आपल्याकडे

पुस्तक कोणत्या विषयावर आहे हे ग्रंथालयांच्या कॅटलॉगमध्ये सांगायला ठरवून दिलेले शब्द म्हणजे विषयशीर्षकं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयाची, १८९८पासून वाढत आलेली ही यादी ऑनलाइन फुकट शोधता येते, उतरवूनही घेता येते. व्याप्ती आणि शिस्त पाहिली तर तिला तोड नाही. वांशिक समतेच्या कसोटीवर मात्र ती जेमतेम काठावर पास होते.

पहिली तक्रार वेगाची. अमेरिकी ग्रंथपाल सॅनफर्ड बर्मन यांनी या शीर्षकांतला पूर्वग्रह १९७१ मध्येच उघडा पाडला होता. स्थलांतरितांसाठीचं 'इलीगल एलियन्स' (बेकायदा परके) हे शीर्षक हटवा, अशी मागणी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये केली. २०१६ मध्ये बदल जाहीर झाला, अमेरिकी काँग्रेसमधून आडकाठी आली आणि निर्णय व्हायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. अमेरिकेतल्या टल्सा शहरात १९२१ मध्ये झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाला 'रायट' (दंगल) ऐवजी 'मॅसॅकर' (हत्याकांड) म्हणायलाही २०२१च लागलं. म्हणजे तब्बल शंभर वर्षं!

शीर्षक तिकडे बदललं म्हणून तुमचा कॅटलॉग आपोआप सुधारत नाही, आणि खरं काम इथेच आहे. एकास एक बदल सॉफ्टवेअर प्राधिकृत नोंदीवरून (शीर्षकाचं मान्य रूप आणि त्याचे पर्याय सांगणारी नोंद) करून टाकतं. पण 'इलीगल एलियन्स'च्या जागी 'नॉनसिटिझन्स' आणि 'इलीगल इमिग्रेशन' अशी दोन शीर्षकं आली. एकाची दोन करणं यंत्राला जमत नाही. त्या नोंदी वेगळ्या काढून हातानेच तपासाव्या लागतात. दुसरी गोम मुख्य शीर्षकाला जोडलेल्या उपविभागांची. जपानी अमेरिकनांच्या १९४२–४५च्या नजरकैदेला पूर्वी 'इव्हॅक्युएशन अँड रीलोकेशन' म्हणत, आता 'फोर्स्ड रिमूव्हल अँड इंटर्नमेंट' म्हणतात. कॅटलॉग नोंदीच्या मार्क (MARC) आराखड्यात विषयशीर्षक ६५० क्रमांकाच्या क्षेत्रात येतं; मुख्य शीर्षक त्याच्या 'ए' उपक्षेत्रात आणि हे शब्द 'एक्स' उपक्षेत्रात असतात. शोध फक्त 'ए'वर लावला तर एकही जुनी नोंद सापडणार नाही.

जुना शब्द पुसून टाकू नका. प्राधिकृत नोंदीत तो ४५० या पर्यायी शब्दांच्या क्षेत्रात ठेवा. वाचकाने तो टाइप केला तरी पुस्तकं मिळाली पाहिजेत. पडद्यावर दाखवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पुरवठादाराकडून येणाऱ्या नोंदींना आयात करतानाच चाळणी लावा, नाहीतर आज काढलेलं शीर्षक पुढच्या खेपेला हजर.

उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठीच्या 'इंडियन्स ऑफ नॉर्थ अमेरिका'सारख्या शीर्षकांसाठी वॉशिंग्टनची वाट पाहत बसू नये. कॅनडात मॅनिटोबाच्या अभिलेखागारांच्या जाळ्याने अशी शीर्षकं स्वतःच बदलून घेतली. स्थानिक शीर्षक ६५० मध्येच द्या, दुसरा निर्देशक (शीर्षक कोणत्या यादीतलं ते सांगणारा अंक) ७ ठेवा आणि उपक्षेत्र २ मध्ये स्रोताचा कोड घाला. निर्देशक ० ठेवलात तर ते लायब्ररी ऑफ काँग्रेसचंच समजलं जाईल आणि पुढच्या स्वयंचलित दुरुस्तीत उडेल.

नवं शीर्षक सुचवायची सोय आहे, ही जमेची बाजू. हातात असलेलं पुस्तक दाखवावं लागतं, पुरावे ६७० या स्रोतांच्या क्षेत्रात नोंदवावे लागतात. नुसत्या नैतिक युक्तिवादावर प्रस्ताव पुढे सरकत नाही. त्या समाजाच्या लोकांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं आणि चालू संदर्भग्रंथ जोडा. प्रस्तावित याद्या प्रसिद्ध होतात, त्यांवर मतही कळवता येतं. शेवटचा शब्द मात्र लायब्ररीचाच; ज्यांच्याबद्दल शीर्षक आहे, त्यांना निर्णयात मताधिकार नाही.