नर्मदा परिक्रमा : पायी की बसने?

निवृत्त झालेले आमचे शेजारचे काका अडलेत ते एकाच प्रश्नावर: "रात्री कुठे झोपणार हेच ठाऊक नसेल, तर निघायचं कसं?"

वेळेचा हिशोब सोपा आहे. नदी 1312 किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून 2600च्या वर. पायी चार-सहा महिने, बसने पंधरा-वीस दिवस.

खर्च बसचा एकरकमी, आधी कळणारा. पायी चालणाऱ्याला आश्रमांत, गावांत सदावर्त मिळतं, त्यामुळे पैसे कमी लागतात. पण घर तेवढे महिने दुसऱ्यावर टाकावं लागतं.

खरा फरक अनिश्चिततेचा. बसमध्ये मुक्काम, जेवण, आंघोळीचं पाणीसुद्धा ठरलेलं. पायी यातलं काहीच नाही. सरदार सरोवर धरणामुळे शूलपाणीच्या झाडीतल्या, म्हणजे वाटेवरच्या डोंगराळ जंगलातल्या, कित्येक जुन्या वाटा पाण्याखाली गेल्या, म्हणून रस्ता गावकऱ्यांनाच विचारायचा. नदी समुद्राला मिळते तिथे होडीने पलीकडे जायचं, ती भरती पाहून सुटते, तोवर थांबायचं. आणि जन्मभर दुसऱ्यांना देत आलेल्या माणसाने अनोळखी दारात 'नर्मदे हर' म्हणत उभं राहायचं! माझ्या मते चालण्याहून हेच जड, आणि माणूस बदलतो तोही इथेच. बसमध्ये दर्शन होतं, ही परीक्षा होत नाही.

रोजची औषधं, पथ्य, घरी आजारी माणूस असेल तर बसच घ्या, त्यात कमीपणा नाही. तब्येत धड आहे आणि फक्त 'काय होईल' हीच धास्ती असेल, तर पायी निघा. काकांसारख्या काठावरच्यांनी आधी चैत्रात गुजरातेतली उत्तरवाहिनी परिक्रमा, म्हणजे नदी उत्तरेकडे वाहते तेवढ्याच टप्प्याची, करावी. ती एका दिवसात होते.