खरेदीच्या कमिशनमधून मंडळाला देणगी : ईझीफंडरेझिंग नऊ महिने वापरल्यावर

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांची वर्गणी बहुतेक वेळा हॉलचं भाडं आणि गणपतीचा खर्च यातच संपते. मराठी शाळेची पुस्तकं घ्यायची, ज्येष्ठांसाठी काही करायचं किंवा गावाकडच्या एखाद्या कामाला हातभार लावायचा, तर पैसा वेगळा उभा करावा लागतो. ईझीफंडरेझिंग ही ब्रिटिश सेवा २००५ पासून चालू आहे आणि त्यासाठी ती खरोखर उपयोगी पडते. मात्र ती नीट वापरली नाही, तर वर्षाअखेरीस हातात जवळपास काहीच येत नाही.

गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला ऑनलाइन दुकानं कमिशन देतात. सभासद दुकानाच्या साइटवर थेट न जाता या सेवेच्या लिंकवरून गेला, तर ते कमिशन सेवेला मिळतं. त्यातला आपला वाटा ठेवून बाकीची रक्कम ती मंडळाला देते. सभासदाला वस्तू त्याच किमतीला मिळते. मंडळ नोंदणीकृत धर्मादाय संस्थाच असायला हवं, असं बंधन नाही. शाळेचा पालकसंघ, क्रिकेट क्लब, छोटं मंडळ, सगळ्यांना नोंदणी करता येते. बँक खातं मात्र मंडळाच्या नावाचं द्या. खजिनदाराचं खासगी खातं दिलं, तर पुढे हिशेब तपासताना वाद होतो.

दुकानाच्या नावापुढे दाखवलेल्या देणगीच्या टक्केवारीवरून अंदाज बांधला की फसायला होतं. समजा ६० पाउंडांची ऑर्डर आहे आणि देणगीचा दर २ टक्के आहे. त्यात ५ पाउंड डिलिव्हरीचे असतील, तर ते आधी वजा होतात. उरलेल्या ५५ मधून २० टक्के व्हॅट काढला की ४५ पाउंड ८३ पेन्स राहतात आणि देणगी होते सुमारे ९२ पेन्स. म्हणून किराणा किंवा कपड्यांच्या मागे लागून सभासदांना दमवू नका. विमा, ब्रॉडबँड, मोबाइलचा करार आणि हॉटेल बुकिंग यांवर लक्ष ठेवा. यातल्या बऱ्याच ठिकाणी टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम मिळते आणि गाडीच्या विम्याची एक पॉलिसी महिनोन्‌महिन्यांच्या किराण्याला भारी पडते. ही ठरावीक रक्कम बहुधा नव्या ग्राहकासाठीच मिळते; जुन्या कंपनीकडे नूतनीकरण केलं तर काही मिळत नाही. त्यामुळे विम्याच्या तारखेच्या महिनाभर आधी सभासदांना आठवण करणं, हे खजिनदाराचं सगळ्यात फायद्याचं काम. पण महाग पॉलिसी केवळ देणगीसाठी घ्यायला कुणालाही सांगू नये.

सगळ्यात जास्त पैसा बुडतो तो नोंद न झाल्यामुळे. दुकानाला कुकीवरून, म्हणजे ब्राउझरमध्ये साठवलेल्या छोट्या नोंदीवरून, कळतं की गिऱ्हाईक कुठून आलं, आणि सहसा शेवटच्या क्लिकवाल्यालाच कमिशन जातं. आपल्या लिंकवरून गेल्यावर मध्येच कूपनच्या साइटवर चक्कर मारली किंवा कॅशबॅकचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) चालू राहिलं, तर देणगी तिकडे वळते. जाहिराती अडवणारं एक्स्टेंशनही नोंद खाऊन टाकतं. दुकानाच्या कुकी-पट्टीवर ‘सगळ्या नाकारा’ दाबलं, तरी तेच होतं. फोनवर लिंक उघडताच अनेकदा दुकानाचं ॲप पुढे येतं आणि धागा तुटतो. खरेदी खात्रीने नोंदवायची, तर लॅपटॉपवर, अडवणूक बंद करून आणि रिकाम्या बास्केटने सुरुवात करावी. माल आधीच भरलेला असेल तर काही दुकानं ती विक्री धरत नाहीत. एकाच बैठकीत पैसे भरावेत, सवलतीचा कोड या सेवेवरच्या त्या दुकानाच्या पानावर दिलेलाच वापरावा. गिफ्टकार्डं बऱ्याच ठिकाणी वगळलेली असतात, तेव्हा अटी आधी वाचाव्यात. ब्राउझरमध्ये आठवण करून देणारं या सेवेचं एक्स्टेंशन मात्र जरूर बसवा. लोक मदत करायला तयार असतात, पण ऐनवेळी विसरतात, आणि ही छोटी पट्टी नेमकं तेच सांभाळते.

खात्यावर दिसणारी रक्कम लगेच आपली झाली असं समजू नये. परतीची मुदत टळेपर्यंत ती प्रलंबित राहते, त्यात आठवडे, कधी महिनेही जातात. वस्तू परत केली की देणगी रद्द, अर्धा माल परत केला तर त्या प्रमाणात कमी. हॉटेलची रक्कम मुक्काम झाल्यावरच पक्की होते. म्हणजे डिसेंबरच्या प्रवासाचं बुकिंग जुलैत केलं, तर ते पैसे गणपतीच्या अंदाजपत्रकात धरता येत नाहीत. हिशेबाच्या वहीत बँकेत जमा झालेलीच रक्कम लिहा. ऑर्डरच्या पुष्टीचा ईमेल सभासदांनी जपून ठेवावा. नोंद झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा लागतो.

या पैशावर गिफ्ट एड, म्हणजे देणगीवर ब्रिटिश सरकारकडून परत मिळणारा कर, मिळत नाही, कारण तो सभासदाच्या खिशातून गेलेला नसतो. सभासदाने धर्मादाय म्हणून मान्यता असलेल्या मंडळाला थेट १० पाउंड दिले आणि तो पुरेसा कर भरत असेल, तर मंडळाला साडेबारा मिळतात. खरेदीच्या देणगीमुळे कुणी वर्गणी थांबवली तर मंडळाचं नुकसानच होतं, हे पहिल्याच सभेत स्पष्ट सांगा. अमेझॉनच्या ‘अमेझॉनस्माइल’ या अशाच देणगी-योजनेचा अनुभव आठवा. २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ती योजना पात्र खरेदीच्या अर्धा टक्का देत होती आणि २० फेब्रुवारी २०२३ ला बंद झाली. पैसा दहा लाखांहून अधिक संस्थांत विखुरतो आणि प्रत्येकीला सरासरी २३० डॉलरही मिळत नाहीत, असं कारण कंपनीने तेव्हा दिलं होतं. मंडळांना यातून घेण्यासारखं एवढंच, की एकाच घरातल्या माणसांनी चार वेगवेगळ्या संस्था निवडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून वर्षाला एक काम निवडावं.

ते काम महाराष्ट्रातलं असेल, तर पैसे पाठवण्याआधी एफसीआरए, म्हणजे परदेशातून येणाऱ्या देणग्यांवरचा भारताचा कायदा, पाहा. सभासद भारतीय नागरिक असले, तरी ब्रिटनमधल्या मंडळाच्या खात्यातून गेलेली रक्कम विदेशी योगदानच ठरते. ती घेणाऱ्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ते दुसरीकडे वळवणंही बंद झालं आहे, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेला देऊ, ती गावातल्या मंडळाला देईल’ हा जुना मार्ग उरलेला नाही. कुणी तालुक्याच्या बँकेतला खातेक्रमांक पुढे केला, तर तिथेच थांबा. नोंदणी पाच वर्षांची असते. संस्थेचं नाव सभासदांना जाहीर करण्याआधी ती चालू असल्याची खात्री गृहमंत्रालयाच्या एफसीआरए संकेतस्थळावर करून घ्या.