बाहेर बसून वॉटरकलर: ट्यूब घेऊ की पॅन?

बाहेर जाऊन लँडस्केप सुरू करायचं म्हटलं की रंग कुठले घ्यायचे इथेच गाडी अडते. घरी टेबलावर दोन्ही मस्त चालतात, फरक कळतो तो उन्हात मांडीवर पॅड घेऊन बसल्यावर.

पॅन म्हणजे वाळलेल्या रंगाची छोटी वडी. बारा हाफ पॅनचा, म्हणजे अर्ध्या आकाराच्या वड्यांचा, डबा खिशात मावतो, झाकण उघडलं की तेच पॅलेट, पाच मिनिटांत काम सुरू आणि काम झालं की डबा पुसून बंद. उभ्याने स्केचबुकात छोटं काही करायचं असेल तर मी डोळे झाकून पॅनच सांगेन.

पण आकाश करायला घ्या. मोठा कागद ओला केलाय, वारा सुटलाय, कागद जेमतेम दोन-तीन मिनिटं ओला राहणार, आणि तुम्ही वडीवर ब्रश घासताय घासताय, रंग काही पुरेसा सुटत नाही, तेवढ्यात पहिल्या वॉशची, म्हणजे पाण्यात कालवून पसरलेल्या पातळ रंगाची, कड वाळते आणि मधोमध अशी कडक रेघ उमटते की ती नंतर जात नाही. शिवाय वडीवर घासून घासून चांगल्या ब्रशचं टोकही जातं. सुरू करायच्या आधी पॅनवर स्प्रेने पाणी मारून ठेवलं तर बराच फरक पडतो, पण मोठ्या वॉशला तेही कमी पडतं.

इथे ट्यूब जिंकते. मऊ रंग, पाण्यात लगेच मिसळतो, भरपूर वॉश एका झटक्यात तयार, आणि गडद सावलीसाठी घट्ट रंगही मिळतो. वॉटरकलर वाळल्यावर फिका पडतो, म्हणून सुरुवातीलाच ठसठशीत लावायला ट्यूब बरी. त्रास एवढाच की ओला रंग उरला आणि पॅलेट तसंच बॅगेत टाकलं तर सगळीकडे पसरतो, आणि तोंड न पुसता बंद केलेलं टोपण पुढच्या वेळी निघता निघत नाही. गरम पाण्यात धरलं की सुटतं, पण बाहेर गरम पाणी कुठून आणणार?

मी स्वतः मधला रस्ता धरलाय. रिकाम्या पॅनमध्ये ट्यूबचा रंग भरायचा, एक-दोन दिवस वाळू द्यायचा, झाला आपला डबा. यातला गोंद, म्हणजे गम अरेबिक, पाणी लागलं की परत विरघळतो म्हणून वाळलेला रंग वाया जात नाही. फक्त ज्या रंगात मध जास्त असतो तो बऱ्याचदा नीट वाळत नाही, चिकट राहतो, डबा तिरका झाला की शेजारच्या रंगात घुसतो, तो यासाठी घेऊ नका.

आणि डब्यासोबत दोनच ट्यूब न्यायच्या, अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस ब्राऊन). आकाशाला निळा लागतोच, आणि दोन्ही मिसळले की सावल्यांचा सुंदर करडा मिळतो, निळा वाढवला की थंड, ब्राऊन वाढवला की उबदार.