ट्रान्सड्यूसर तोच, इको दोन: कुठलं प्रोसेसिंग निवडायचं?

गेल्या महिन्यात एका मित्राने सोनारबद्दल (पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून, म्हणजे इकोवरून, अंतर मोजणाऱ्या यंत्राबद्दल) विचारलं. त्याच्याकडे २०० किलोहर्ट्झचा साधा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा भाग) आहे, बँडविड्थ (तो हाताळतो तो फ्रिक्वेन्सींचा पट्टा) जेमतेम १० किलोहर्ट्झ, आणि नवा घ्यायला पैसे नाहीत. तळाला चिकटलेली वस्तू तळापासून वेगळी दिसावी म्हणून सॉफ्टवेअरमध्ये काय करावं? त्याच्या यादीत चार नावं होती: मॅच्ड फिल्टर, वीनर डिकॉन्व्होल्यूशन, क्लीन आणि म्युझिक (हे गाण्याचं नव्हे, अल्गोरिदमचं नाव).

आधी हिशेब. दोन इको वेगळे दिसण्यासाठी लागणारं अंतर म्हणजे ध्वनीचा वेग भागिले बँडविड्थची दुप्पट. गोड्या पाण्यात वेग सेकंदाला १,४९० मीटर धरला तर १० किलोहर्ट्झला साडेसात सेंटीमीटर. यापेक्षा जवळचे दोन इको एकमेकांत मिसळतात.

पण तुमच्या समोर एकच इको असेल, नुसती खोलीच मोजायची असेल, तर पुढचं वाचूही नका. शिखराच्या आसपासच्या तीन बिंदूंतून पॅराबोला काढा, सिग्नल स्वच्छ असेल तर काम मिलिमीटरपर्यंत जातं. अचूकता आणि विभेदन (जवळचे दोन इको वेगळे दिसणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरातींमध्ये त्यांची सर्रास गल्लत होते. दुसरं म्हणजे तुमचं यंत्र कच्चे सॅम्पल देतं की फक्त एन्व्हलप (सिग्नलच्या उंचीची बाह्यरेषा), ते बघा. एन्व्हलपच मिळत असेल तर फेज (लहरीची नेमकी स्थिती) गेलेली असते, आणि खालच्या बहुतेक गोष्टी तुमच्यासाठी बाद.

मॅच्ड फिल्टर सगळ्यांनाच लागतो. चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारी पल्स) सोडायचा, आलेल्या सिग्नलशी तो ताडून बघायचा. २ मिलिसेकंदांचा, ३० किलोहर्ट्झ झाडणारा चर्प असेल तर टाइम-बँडविड्थ गुणाकार ६०, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सुमारे १८ डेसिबलचा फायदा. चर्प आणखी लांबवायचा मोह होतो, पण त्याच ट्रान्सड्यूसरने ऐकायचं असेल तर २ मिलिसेकंदांतच जवळचा दीड मीटर आंधळा होतो. शिवाय साइडलोब, म्हणजे मुख्य शिखराच्या बाजूची खोटी छोटी शिखरं: खिडकी (कडा हळूहळू उतरवणारं वजन) न लावता पहिला साइडलोब मुख्य शिखराच्या फक्त १३ डेसिबल खाली असतो, तळाच्या मोठ्या इकोशेजारचा छोटा इको त्यातच बुडतो. हॅमिंग नावाची खिडकी लावली की साइडलोब तत्त्वतः ४० डेसिबलच्याही खाली जातात, पण मुख्य शिखर जवळपास दीडपट रुंद होतं. म्हणजे आलो होतो विभेदन वाढवायला आणि गाठीचंच गमावून बसलो.

मॅच्ड फिल्टरचं ध्येयच वेगळं आहे. नॉइजमधून सिग्नल जास्तीत जास्त वर काढणं, एवढंच त्याला ठाऊक. ट्रान्सड्यूसरने कडेच्या फ्रिक्वेन्सी आधीच दाबलेल्या असतात, आणि खरा इको संदर्भ म्हणून वापरला तर हा फिल्टर त्या आणखी एकदा दाबतो.

वीनर नेमकं उलटं करतो, आलेल्या सिग्नलला संदर्भ पल्सने भागून दबलेल्या फ्रिक्वेन्सी पुन्हा उचलतो, आणि माझं मत इथेच पडतं. ‘१० किलोहर्ट्झ बँडविड्थ’ ही भिंत नसते, उतार असतो. एका अनुनादाचा ट्रान्सड्यूसर धरला, तर मध्यापासून ५ किलोहर्ट्झवर सिग्नल जाऊन-येऊन ६ डेसिबलने उतरतो, १५ किलोहर्ट्झवर सुमारे २० डेसिबलने. दबलेला आहे, नाहीसा झालेला नाही. नॉइज ४० डेसिबल खाली असेल तर त्या कडांवरही २० डेसिबल शिल्लक राहतात. त्या उचलल्या की वापरायला मिळणारा पट्टा ३० किलोहर्ट्झचा, आणि कागदावरचं विभेदन साडेसातवरून अडीच सेंटीमीटरवर येतं. अट एवढीच की चर्पने तो सगळा पट्टा झाडलेला हवा. रिसीव्हरमध्ये कोणी अरुंद बँडपास बसवला असेल तर मात्र ती खरोखरच भिंत.

गावाकडच्या विहिरीत मी हे करून पाहिलं. स्टीलचं ताट नायलॉनच्या दोरीने आडवं टांगलं, त्याच्या वर ४ सेंटीमीटरवर एक वाटी. पहिल्या दिवशी वाटी उपडी बांधली, आत हवा अडकली आणि ती पाण्यात उलटी वरच निघाली. दुसऱ्या दिवशी सुलटी बांधली. मॅच्ड फिल्टरमध्ये एकच फुगवटा दिसला. वीनरमध्ये दोन शिखरं आणि मध्ये ठळक खड्डा. या फ्रिक्वेन्सीला तरंगलांबी साडेसात मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे दोन्हींतलं अंतर दोन मिलिमीटरनेही हललं की मिसळलेले इको बेरजेऐवजी वजाबाकी करतात. दोरी झुलली की मॅच्ड फिल्टरचा फुगवटा कधी बसका, कधी दुभंगलेला दिसे. एकाच पिंगवरून (एकदा सोडलेल्या पल्सवरून) निष्कर्ष काढू नका, हे तिथे कळलं.

वीनरमध्ये डोकेदुखी एका आकड्याची: नॉइजला किती मान द्यायचा. तो कमी धरला की कडांवरचा नॉइज उसळतो आणि नसलेले इको उगवतात. मी आधी मोठा धरतो आणि खोटी शिखरं डोकं वर काढेपर्यंत कमी करत नेतो. संदर्भ पल्सही खरी हवी, पाण्यात सपाट पृष्ठभागावरून घेतलेली. डेटाशीटवरच्या आदर्श चर्पने भागलंत तर ट्रान्सड्यूसरचा उतार तसाच राहतो.

क्लीन हा अल्गोरिदम १९७४ मध्ये होग्बोम यांनी रेडिओ खगोलशास्त्रासाठी मांडला. खोडदच्या जीएमआरटीसारख्या दुर्बिणींच्या प्रतिमा याच घराण्यातल्या पद्धतींनी साफ होतात. सर्वात मोठं शिखर शोधा, तिथे ओळखीच्या पल्सचा थोडा अंश वजा करा, पुन्हा शोधा. मोजके, सुटे इको असतील तर साइडलोब झकास जातात. पण मिसळलेल्या जोडीचं शिखर मधोमध असतं आणि क्लीन पहिला घाव तिथेच घालतो. विहिरीतल्या दोन इकोंचे त्याने तीन केले होते. म्हणून आधी वीनर, मग क्लीन. एल-वन प्रकारचे स्पार्स उपाय (कमीत कमी इकोंत सिग्नल बसवणारे) सगळे इको एकत्र सोडवतात म्हणून थोडे शहाणे, पण तेही ‘इको मोजकेच आहेत’ हे गृहीत धरूनच चालतात.

म्युझिकबद्दल (सिग्नल आणि नॉइज वेगळे काढून इकोंच्या जागा शोधणारी पद्धत) थोडक्यात: एकाच पिंगमधले इको परस्परांशी सुसंगत असतात, ते सोडवायला बँडचे तुकडे करून सरासरी घ्यावी लागते. आधीच तोकडा पट्टा, त्याचे आणखी तुकडे. इकोंची संख्या आधी सांगावी लागते ती वेगळीच. प्रयोगशाळेत छान.

मित्राचं काम दगडी तळावर पडलेल्या लोखंडी वस्तूचं आहे, म्हणून त्याला मी रुंद चर्प, वीनर आणि शेवटी हलकं क्लीन सुचवलं. धरणातल्या गाळाची जाडी हवी असती तर उत्तर वेगळं असतं. २०० किलोहर्ट्झचा इको बहुधा गाळाच्या वरच्या थरावरूनच परततो. खाली शिरायला ३० किलोहर्ट्झच्या आसपासचा ट्रान्सड्यूसर लागतो. शिवाय गाळ हळूहळू घट्ट होत जातो. क्लीन किंवा एल-वनला तो दिला तर तिथे नसलेल्या दोन-तीन रेघोट्या सुबकपणे काढून मिळतील, आणि अहवालात त्यांना ‘थर’ म्हणण्याचा मोह आवरणार नाही.