फायरस्टोअरची अ‍ॅडमिन लायब्ररी: फळबाजारातले आठ महिने

गेल्या ऑक्टोबरपासून वाशीच्या एपीएमसी फळबाजारातल्या काही गाळ्यांसाठी आम्ही दोघं आवक-विक्रीचं अ‍ॅप चालवतोय. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये बसतो, गरज पडली की ट्रान्स हार्बरने तुर्भ्याला उतरून बाजारात जातो. डेटा फायरस्टोअरमध्ये (गूगलच्या फायरबेसमधला क्लाउड डेटाबेस), सर्व्हर नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवायची सोय), आणि सर्व्हरमधून डेटाबेसशी बोलायला फायरबेसची अ‍ॅडमिन लायब्ररी. मोसंबीपासून सुरुवात करून हापूसचा अख्खा हंगाम तिच्यावर काढला, म्हणून आता लिहितोय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. मोबाईलमधून थेट फायरस्टोअरकडे जाणारी प्रत्येक मागणी सिक्युरिटी रूल्समधून, म्हणजे कोणाला कोणता डेटा मिळावा या नियमांतून, गाळून जाते. अ‍ॅडमिन लायब्ररीला ते रूल्स लागूच होत नाहीत. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय, मी वाचलंही होतं. तरी डिसेंबरात चूक केलीच. ज्याचा गाळा त्यालाच त्याचे लॉट दिसावेत, यासाठी दोन आठवडे खपून रूल्स लिहिले होते. मग बिल उघडण्यासाठी सर्व्हरवर एक छोटा एंडपॉइंट (अ‍ॅप जिथे मागणी पाठवतं तो पत्ता) लिहिला. टोकन (लॉगिन केल्यावर मिळणारा ओळखीचा पुरावा) तपासलं, लॉटचा आयडी घेतला, नोंद काढून दिली. गाळा कोणाचा हे विचारलंच नाही, कारण डोक्यात पक्कं बसलं होतं की ते रूल्स बघतात. कोणीतरी बिलाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली आणि एका मेहताजींचा, म्हणजे गाळ्यावर हिशेब लिहिणाऱ्यांचा, फोन आला, “दादा, शेजारच्या गाळ्याचं बिल आमच्याकडे उघडलंय. त्यांचा भाव दिसतोय.”

रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायची रीत ज्या व्यापारात होती, तिथे शेजाऱ्याचा भाव दिसणं ही लहान गोष्ट नाही. दोन्ही गाळ्यांवर जाऊन मी माफी मागितली. त्याच आठवड्यात कोडची रचना बदलली. आता अ‍ॅडमिनचं ऑब्जेक्ट एकाच फाईलमध्ये तयार होतं आणि त्या फाईलबाहेर ते कोणालाच मिळत नाही. तिथल्या प्रत्येक फंक्शनला पहिला आर्ग्युमेंट गाळा क्रमांक लागतो, आणि तो टोकनमधून येतो, यूआरएलमधून कधीच नाही.

टोकनमध्ये गाळा क्रमांक ठेवायला कस्टम क्लेम्स, म्हणजे टोकनमध्ये आपण भरलेली जादा माहिती, वापरतो. ही सोय मला मनापासून आवडली. प्रत्येक मागणीला युजरची नोंद वाचावी लागत नाही, म्हणजे तेवढे रीड (डेटाबेसमधली एक नोंद वाचली की एक रीड) कमी लागतात. मर्यादा 1000 बाइटची आहे, आम्हाला ती भरपूर झाली. एक लक्षात ठेवा: क्लेम बदलला तरी हातातलं जुनं टोकन तासाभरापर्यंत चालतं. एखाद्या मेहताजींनी गाळा बदलला की आम्ही अ‍ॅपमधून टोकन जबरदस्तीने ताजं करून घेतो. आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं टोकन रद्द केलं असेल, तर टोकन तपासणाऱ्या फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट ट्रू द्यायला विसरू नका. तो दिला नाही तर टोकन रद्द झालंय की नाही हे पाहिलंच जात नाही.

ट्रान्झॅक्शनचा (वाचणं-लिहिणं एकत्र, एकतर पूर्ण होतं नाहीतर अजिबात नाही) धडा एप्रिलमध्ये मिळाला. देवगडच्या एका बागायतदाराच्या 40 पेट्यांचा लॉट होता. दोन मेहताजी एकाच क्षणी त्याच लॉटमधून विक्री टाकत होते, एक 18 पेट्यांची, दुसरी 22 ची. शिल्लक अचूक शून्यावर आली, एक पेटी इकडची तिकडे झाली नाही. त्यासाठी ही लायब्ररी निवडल्याचं समाधान आहे. पण शेतकऱ्याला एसएमएस पाठवायची ओळ मी ट्रान्झॅक्शनच्या फंक्शनच्या आतच लिहिली होती. दोन ट्रान्झॅक्शनची टक्कर झाली की हरलेल्याचं फंक्शन पहिल्यापासून पुन्हा चालतं. 22 पेट्यांचा मेसेज दोनदा गेला. बागायतदारांचा फोन आला, “अहो, माझ्या पेट्या चाळीस आणि तुमचे मेसेज बासष्टचे. पट्टी नक्की कितीची येणार?” पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब. आता ट्रान्झॅक्शनच्या आत फक्त वाचणं आणि लिहिणं. मेसेज बाहेर, कमिट (नोंद पक्की) झाल्यावर.

खर्चाचं सांगतो. फुकटच्या कोट्यात दिवसाला 50,000 रीड आणि 20,000 राइट मिळतात. मोसंबीच्या दिवसांत तो पुरून उरला, आंब्यात सकाळीच संपायला लागला. दोष आमच्या क्वेरींचा होता. एकूण पेट्या मोजायला आम्ही दिवसाचे सगळे लॉट वाचत होतो. आता बेरीज आणि मोजणी डेटाबेसमध्येच करून घेतो. तिथे इंडेक्समधल्या (शोधासाठीच्या सूचीतल्या) 1000 नोंदींपर्यंत एकच रीड लागतो. यादीची पानं पाडायला ऑफसेट (आधीच्या इतक्या नोंदी वगळ असं सांगणं) तर अजिबात वापरू नका, वगळलेल्या नोंदींचेही रीड मोजले जातात. शेवटच्या नोंदीचा कर्सर (कुठवर वाचलं त्याची खूण) पुढे द्यायचा. कोट्याचा दिवस पॅसिफिक वेळेच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास. रोजचे आकडे जुळवताना हे माहीत असलेलं बरं.

तारखेचंही तसंच. आमचा सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) चालतो, आणि पहाटे साडेपाचच्या आधीची आवक त्याच्या लेखी कालची असते. टाइमस्टॅम्प सर्व्हरचाच ठेवला, पण बाजाराची तारीख वेगळ्या फील्डमध्ये साध्या मजकुरासारखी लिहितो.

एखाद्या फील्डमध्ये अनडिफाइन्ड (काही भरलेलंच नाही अशी) व्हॅल्यू लिहायला गेलात तर लायब्ररी एरर देते. ती गप्प करायची सेटिंग आहे, पुष्कळ जण पहिल्या दिवशीच लावतात. मी लावलेली नाही. ज्या विक्रीत भाव भरायचा राहिला, ती विक्री भावाशिवाय चुपचाप जतन होण्यापेक्षा तिथेच अडलेली मला हवी आहे.

एम्युलेटर (आपल्याच मशीनवर चालणारी फायरस्टोअरची नक्कल) मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) दिला की तोच कोड तुमच्या मशीनवरच्या डेटाबेसशी बोलतो, नेट लागत नाही. वर सांगितलेली टक्कर मी त्यावर मुद्दाम घडवून पाहिली आणि दोन मेहताजींची टेस्ट कायमची लिहून ठेवली. सर्व्हर क्लाउड रनवर (गूगलची सर्व्हर चालवायची सेवा) असल्यामुळे तिथे सर्व्हिस अकाउंटची की फाईल (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) लागत नाही, आणि एम्युलेटरला तर कोणतीच की लागत नाही. तरी सुरुवातीला उतरवलेली एक फाईल माझ्या लॅपटॉपवर आठ महिने पडून होती. रूल्स न बघता तिन्ही त्रिकाळ सगळ्या गाळ्यांचं कपाट उघडणारी किल्ली. मागच्या शनिवारी कन्सोलमधून ती की रद्द केली आणि मग फाईल पुसली.