पॉइंट की मिलिमीटर? मराठी पुस्तकाची पाने जुळवताना

पुस्तकाची मांडणी संगणकावर करताना ओळींमधले अंतर पॉइंटमध्ये, म्हणजे इंचाच्या सुमारे ७२ व्या भागाच्या छपाईच्या मापात, ठरवावे की मिलिमीटरमध्ये, या निवडीत अक्षराचा आकार मी वादाबाहेर ठेवतो. 'बारा पॉइंट' म्हटले की लेखकापासून छापखान्यापर्यंत सर्वांना कळते आणि ती सवय मोडण्यात काही लाभ नाही.

पॉइंटची बाजू भक्कम आहे. आकार बारा, अंतर सतरा, अशी दोन्ही मापे एकाच एककात असली की वेलांटी आणि उकारासाठी किती जागा सुटते याचा अंदाज पटकन येतो. मला मात्र एका त्रासाने पॉइंटपासून दूर नेले. सिंधुदुर्गातल्या एका गावच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत लेखांची पाने लाटेक या टेकवर आधारलेल्या अक्षरजुळणी प्रणालीत आणि जाहिरातींसोबतचा मजकूर इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रणालीत जुळवला होता, दोन्हीकडे अंतर सतरा पॉइंटच होते, तरीही समोरासमोरच्या पानांवरच्या शिरोरेघा खाली जाता जाता एकमेकींपासून सरकत होत्या. कारण टेकचा पॉइंट इंचाचा ७२.२७ वा भाग आहे, तर पोस्टस्क्रिप्ट या छपाईसाठीच्या संगणकभाषेपासून रुळलेला आणि इनडिझाइन वापरते तो पॉइंट इंचाचा ७२ वा. तीस ओळींत हा फरक सुमारे ०.६७ मिलिमीटर होतो. सत्तर जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणाऱ्या, मॅपलिथो कागदावर मागच्या पानाच्या ओळी पुसट दिसतात, तिथे तो डोळ्यांना सतत खुपतो.

कोकणच्या पावसाळ्यात कागद ओल धरून याहून अधिक फुगतो, मग एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. पण कागद फुगतो तेव्हा ताव पाठपोट एकत्रच वाढतो, त्यामुळे ओळींचा आपसातला मेळ बिघडत नाही. एककाच्या फरकाने नेमका तोच बिघडतो.

टेकमध्ये 'बीपी' हे इंचाच्या ७२ व्या भागाचे एकक लिहून पॉइंटचा घोळ टाळता येतो, हे खरे. परंतु तयार साच्यांतली मापे टेकच्या पॉइंटमध्येच असल्याने प्रत्येक ठिकाणी लक्ष ठेवावे लागते. मिलिमीटर सगळीकडे एकच आहे. ओळीला सहा मिलिमीटर दिले की तीस ओळी १८० मिलिमीटरमध्ये बसतात आणि छापील प्रूफावर साधी पट्टी ठेवून ते पडताळता येते. शिवाय सहा मिलिमीटर म्हणजे जवळजवळ सतरा पॉइंटच, त्यामुळे पानाचे रूपही बदलत नाही.

परिच्छेदाच्या सुरुवातीची मोकळी जागा मात्र एम या अक्षराच्या आकारावर बेतलेल्या एककात द्यावी, कारण अक्षर मोठे केल्यास ती आपोआप वाढते. एक्स या रोमन अक्षराच्या उंचीवर बेतलेले 'ईएक्स' हे एकक देवनागरीला फारसे उपयोगाचे नाही.

सगळे काम एकाच प्रणालीत होणार असेल, किंवा जुन्या फायलींची नवी आवृत्ती काढायची असेल, तर पॉइंट बदलण्याची घाई करू नये. पाने दोन ठिकाणी जुळवली जाणार असतील, तर माझ्या मते पहिल्या फर्म्यापासूनच, म्हणजे एका तावावर छापायच्या पानांच्या पहिल्या संचापासूनच, मिलिमीटर धरावा.